दिवाळीआधीची सारवण

सोनकुसरेंना चाकूची गरज लागली नाही. आईच्या खोलीत, खाटेच्या उशाकडच्या भिंतीला त्यांनी अंगठ्याचं नख लावलं आणि एक पोपडा अलगद सुटून त्यांच्या तळहातावर आला.

"हे पाहा बाई." त्यांनी तो उजेडात, दाराशी नेला. "ही वरची पांढरी माती. ही खालची जुनी भिंत. अन् मधात हा राखेसारखा थर दिसते ना, ते आमचं औषध. मागच्या वर्षी मारलेलं. आत गाढ झोपून आहे."

मी पोपडा हातात घेतला. वजन असं काही नव्हतंच त्याला.

"मच्छर रक्त पिते अन् जड होते," सोनकुसरे म्हणाले. "मग त्याले दूर उडवत नाही. जवळची भिंत पाहून टेकते. भिंतीवर औषध असलं तर तिथंच खलास. माती असली तर मस्त आराम करते, अन् ताकद आली की पुन्हा कोणाले तरी चावाले निघते." त्यांनी खोलीवर नजर फिरवली. "ही भिंत कधी सारवली?"

"मागच्या दिवाळीत सारवली होती," मी म्हणाले.

बाबा ओसरीत सुतळी वळत बसले होते. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

सोनकुसरे आमच्या भागातले आरोग्यसेवक. गावात बहुतेक जण त्यांना 'मलेरियावाले'च म्हणत. भाद्रपदात ते सायकलवरून यायचे, घरोघर सांगायचे की अमुक दिवशी फवारणीची टोळी येणार, भांडीकुंडी बाहेर काढून ठेवा. त्या वर्षी टोळी आठ दिवसांनी येणार होती.

"औषध तीन महिने काम करते," ते म्हणाले. "तुमच्या गावात ते तीन आठवडे बी करत नाही. दसरा झाला की बाया पांढरी माती आणतात अन् दिवाळीसाठी सगळं घर सारवून टाकतात. मी पंधरा वर्षं औषध मारून राहिलो, अन् बाया पंधरा वर्षं त्याच्यावर माती फिरवून राहिल्या. आमचं जमते छान."

"तुम्ही दिवाळीनंतर आलात तर?"

"ताप माझी वाट पाहत थांबते का? अन् माझ्याकडे एकच गाव आहे का?"

"मग सारवण आधी झाली आणि तुम्ही नंतर आलात तर?"

सोनकुसरे सायकलीकडे निघाले होते. ते वळले.

"तर सोन्याहून पिवळं. पण तुमच्या गावात दसऱ्याआधी पांढरी माती निघत नाही. मले का माहीत नाही?"

ते गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "बाबा, मी बायांशी बोलते."

"बोल." बाबांनी सुतळीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. "पण ऐकणार नाहीत."

"काहून?"

बाबांनी सुतळीला पीळ घातला.

आमचं कोसबीटोला ऐंशी घरांचं. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं, आणि मधे सगळी मातीची घरं. आदल्या वर्षी दिवाळी ते संक्रांत एवढ्या दिवसांत गावातून चार तिरड्या गेल्या. चौघींनाही तोच ताप, डोक्यात चढलेला. पहिली माझी आई. दुसरी आमच्या शेजारच्या पार्बताकाकूंची जाऊ, यशोदा. मग लोहाराची आठ वर्षांची मुलगी, आणि शेवटी एक बाळंतीण.

मी तेव्हा ब्रह्मपुरीला शाळेत मराठी शिकवत होते, आणि शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे असे. आई गेल्यावर मी हिवतापावर जे मिळेल ते वाचून काढलं. तालुक्याच्या वाचनालयातून मागवलं, नागपूरला जाणाऱ्यांच्या हाती चिठ्ठ्या दिल्या. वाचून माणूस परत येत नाही, हे मला कळत होतं. पण हात रिकामे ठेवणं मला जमत नव्हतं. दर शनिवारी मी बाबांसाठी गावी यायची. या वेळी मी दहा दिवसांची रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोरिंगवर बाया जमल्या. आमच्याकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. त्या दिवसांत निंदण आटोपलेलं असतं आणि धान अजून पोटऱ्यात असतं, त्यामुळे बायांना दुपारी थोडी उसंत असते. मी त्यांना डासाचं सगळं आयुष्य समजावून सांगितलं. अंडी, अळी, मादी, रक्त, भिंत. खूप व्यवस्थित सांगितलं. वर्गात सांगावं तसं.

"झालं का?" कोणीतरी विचारलं.

"झालं."

"पुस्तकातली बोली हाय बाप्पा. ऐकाले गोड लागते."

सगळ्या हसल्या. मग एकेक सुरू झाली.

"ते औषध मारलं की ढेकणं वाढतात. रातभर झोप नाही."

"माही मांजर मेली त्यानं मागल्या साली."

"अन् वास! आठ दिवस भातात बी तोच वास."

मी म्हटलं, "औषध मारू नका असं कोणी म्हणत नाही ना? मारू तर देताच तुम्ही. फक्त सारवण आधी करू. टोळी यायला सात दिवस आहेत. सात दिवसांत सगळं गाव सारवून होईल, आणि मग त्याच्यावर औषध. ते पुरे तीन महिने टिकेल."

"अन् माती?" पार्बताकाकू पहिल्यांदाच बोलल्या. इतका वेळ त्या पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घासत बसल्या होत्या. गावात पार्बताकाकूंचं घर आधी सारवलं जायचं आणि त्यांचं बघून इतरांची, असं चालत आलं होतं. त्यांच्या हाताला तशी सफाई होती. "दसऱ्याआधी खड्ड्यातली माती काढाची? अन् गावावर काही आलं तर तुह्या पुस्तकात उपाय हाय का त्याच्यावर?"

"गावावर आलेलंच आहे, काकू. चार माणसं गेली."

"चार गेली ते कोणाले सांगतं? माह्या घरातून गेली एक." गुंड त्यांनी दगडावर आदळून उपडा केला. "हे पाह्य कुंदा. दिवाळी झाली की मंडई. मंडईले माह्या सिंधूले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. ते काय काळीकुट्ट, डाग पडलेली भिंत पाहून पोरगी पसंत करतीन? तुह्या घरी यंदा सण नाही. वर्ष सरलं नाही अजून. तुही भिंत तशीच राहिली तरी चालते. आमच्या घरी जिती माणसं हायत."

बोरिंगचा दांडा हलवणारी बाई थांबली. पाणी थेंब थेंब पडून बंद झालं.

मला बोलता आलं असतं. माझ्याकडे एक वाक्य होतं. ते वाक्य दहा महिने मी कोणापाशी उच्चारलं नव्हतं, आणि त्या दुपारीही ते माझ्या तोंडून निघालं नाही.

तेव्हा भागरता आजी बोलली. आजी पिंपळाच्या पारावर पाय पसरून बसली होती. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं. पांढऱ्या मातीचा खड्डा तिच्याकडे. म्हणजे खड्डा नाल्याच्या काठी, सगळ्या गावाचा. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आजीनं जाऊन पहिली टोपली काढायची, नारळ फोडायचा, मगच इतरांनी हात लावायचा, असा नेम.

"खड्डा दसऱ्यापावतर कोणी बंद केला, माहीत हाय का वो कोणाले?"

"देवानं," कोणीतरी म्हणालं.

"देव कायले येते माती खणाले? माह्या सासूनं केला." आजीनं तंबाखूची चिमूट गालात सारली. "मी नवी नवरी होती. माही नणंद गंगी, चौदा वर्षांची. असाच भादवा. तिले सासरी न्याले येणार होते, म्हणून घर सारवावं म्हणून गेली मातीले. चिखलाचे दिवस. काठ बसला तिच्यावर. आमी हातानं उकरली तिले. तोंडात माती गेली होती." तिनं गालातली तंबाखू दुसरीकडे सारली. "त्या दिवशी सासू खड्ड्याजवळ उभी राहिली अन् म्हणाली, आता भुई वाळल्याबिगर, दसरा झाल्याबिगर, कोण्या पोरीनं इथं पाय टाकाचा नाही. कोणी मरू नाही म्हणून केला तिनं नेम. नारळ तं तुमी मागून फोडाले लागल्या."

कोणी हसलं नाही. मग एकीला हसू आवरलं नाही, आणि तिच्या मागून सगळ्याच हसल्या.

"आता मरण भितीतून येत असन," आजी म्हणाली, "तं नेम मी बदलवते. सासूनं केला, सुनेनं बदलवला. देवाचं काही जात नाही. पण खड्ड्यात कोणी उतराचं नाही. काठावर पडून वरची माती खुरप्यानं ओढाची. अन् चार बाप्ये दोर धरून उभे पाहिजेत. बसून बिडी ओढत नाही, उभे!"

एकेक करत बाया हो म्हणाल्या. कोणी माती आणायची, कोणी कालवायची, कोणाची लेकरं कोणी सांभाळायची, हे माझ्यासमोरच ठरलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही. पार्बताकाकू सगळ्यांत शेवटी उठल्या.

"सारवतो आम्ही आधी," त्या मला म्हणाल्या. "पण त्या सारवलेल्या भिंतीवर त्या मलेरियावाल्याचे ओघळ पाहुणे पाहतीन, त्याचं का?"



सात दिवसांपैकी तीन दिवस पाऊस होता. चार पुरुष खरोखर दोर धरून उभे राहिले. आजी छत्री घेऊन त्यांच्यावर नजर ठेवून होती. माती ओली, भिंती ओल्या, सारवलेलं वाळेना. मग बायांनी घमेल्यांत निखारे घालून खोल्यांमधून फिरवले. एका घरात पाच-पाच जणी शिरायच्या, दुपारपर्यंत ते घर उरकून पुढच्या घरात. आपलं घर सारवलं म्हणून एकही घरी बसली नाही. स्वयंपाक कोणाच्या घरी झाला, लेकरं कोणाच्या घरी जेवली, याचा पत्ता नव्हता.

मी माती कालवायचं काम मागून घेतलं. हौदाशी उकिडवी बसून सकाळपासून ढेकळं फोडायची, भिजवायची, खडे वेचायचे, पातळ करायची. माझ्या बोटांना भेगा पडल्या. आत भिंतीपाशी मी गेले नाही. सुतकाच्या घरची म्हणून मी आपणहून दूर राहते, असं बायांना वाटलं असावं. कोणी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमचं घर रीतीप्रमाणे तसंच राहिलं.

आठव्या दिवशी टोळी आली. सायकलींवर पंप बांधलेले पाच जण आणि पुढे सोनकुसरे. गावाच्या तोंडाशी ते उतरले. सगळं गाव पांढरं होतं. भांडी अंगणात, धानाची कोठी ओसरीत, गोधड्या कुंपणावर. सोनकुसरेंनी टोपी काढून घाम पुसला आणि ती पुन्हा घालायचं विसरले.

"देवघरात बी मारा," भागरता आजी त्यांना म्हणाली. "देव म्या बाहेर काढून ठेवले. हवा खाऊन राह्यले."

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या हिवाळ्यात कोसबीटोल्यात ताप आला. लोक कुडकुडले, कडू गोळ्या गिळल्या, काही जण वाळले. पण संक्रांतीपर्यंत गावातून त्या तापानं एकही तिरडी गेली नाही. दुसऱ्या वर्षी भाद्रपद लागण्याआधीच सोनकुसरे आले आणि फवारणीची तारीख त्यांनी बोरिंगवर येऊन बायांना विचारली. पुढची कितीतरी वर्षं ते तसंच विचारत राहिले. लोक अजून ती गोष्ट माझ्या नावानं सांगतात. मला ते रुचत नाही, आणि का रुचत नाही त्याचं कारण मंडईच्या आदल्या दुपारी आहे.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी लेकी येतात, पाहुणे येतात, नाटक-दंडार होते, आणि लग्नाच्या मुली दाखवल्या जातात. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होते. आमच्या दारात पणती नव्हती. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दुपारी मी पार्बताकाकूंची चाळणी परत द्यायला गेले.

दार उघडं होतं. आतल्या मोठ्या खोलीत काकू भिंतीसमोर उभ्या होत्या. पायाशी पांढऱ्या मातीची बादली, हातात भिजलेला पोतेरा. सिंधू कोपऱ्यात हात चोळत उभी होती. भिंतीवर छतापासून खालपर्यंत औषधाचे राखी ओघळ उतरले होते. राखेचं पाणी सांडावं तसे. खरं सांगायचं तर ते सुंदर दिसत नव्हते.

"एकच भिंत," काकू मला पाहताच म्हणाल्या. "पाहुणे बसतीन ते. बाकी घराले हात लावत नाही मी."

"काकू, तुमचं पाहून बाकीच्या..."

"पाहू दे. ज्याची पोरगी त्याले कळते." पोतेऱ्यातून पाणी टपकत होतं. "मागल्या साली एक पाहुणा आला अन् गेला. काही बोलला नाही, गेला. आता वीस झाले सिंधूले. पोराची माय येईन, भिंतीकडे पाहीन, म्हणीन, हे घर रोगट हाय. झालं! तू जाशील ब्रह्मपुरीले."

सिंधू म्हणाली, "माय, राहू दे ना."

"तू गप बस."

पोतेरा वर गेला. मला अजून तो हात दिसतो. बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. काकूंचा हात भिंतीला लागला असता तर संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात बादल्या निघाल्या असत्या. मंडई सगळ्यांकडेच होती.

"काकू," मी म्हटलं, "मागल्या वर्षी मायची भिंत म्या सारवली."

काकू वळल्या नाहीत. पण हात तिथंच राहिला.

"माय नाही म्हणत होती. सोनकुसरे सांगून गेले, तीन महिने हात लावू नको म्हणते, असं म्हणाली. मी हसली. माह्या शाळेतल्या दोघी बाया येणार होत्या, मंडई पाहाले. त्या मायच्या खोलीत बसतीन, अन् ही डागाची भिंत पाहून का म्हणतीन, असं वाटलं मले. माय म्हणे, औषध आहे पोरी. मी म्हटलं, औषधानं का होते, ते लोक पगारासाठी मारतात. एम्. ए. झाली होती मी, काकू. मी म्हटलं तसं." माझा आवाज मलाच सपाट वाटत होता. "दोन वेळा हात फिरवला भिंतीवर. खूप साफ केली. सतराव्या दिवशी माय गेली. त्या दोघी बाया आल्याच नाहीत."

पोतेरा बादलीत पडला.

काकू भिंतीला हात टेकून खाली बसल्या. बाहेर मंडईसाठी मांडव घालणाऱ्यांच्या हाका चालल्या होत्या.

"मले माहीत हाय," काकू म्हणाल्या.

"काय माहीत हाय?"

"तूच सारवली ते. तुही माय मले हात धरून घेऊन गेली होती पाहाले. म्हणाली, पार्बता, माह्या पोरीनं कशी सारवली पाह्य, आरशावाणी. चार खेपा दाखवली तिनं. कोणी आलं की दाखवे." काकूंनी पदरानं हात पुसले. ते पुसून झाले होते तरी पुसत राहिल्या. "म्या बादली काढली नव्हती तेव्हापावतर. सोनकुसऱ्यानं मले बी बजावलं होतं, म्हणून त्या साली थांबली होती मी. पण तुह्या मायकडून घरी आली अन् म्हटलं, शिकलेल्या पोरीनं सारवली तं चालत असन. दुसऱ्या दिवशी म्या सारवलं. माह्या मागून गाव."

हे मला ठाऊक नव्हतं. मी एकाच भिंतीचा भार घेऊन फिरत होते.

"यशोदा या खोलीत निजत होती," काकू म्हणाल्या. "इथं. ह्या भिंतीखाली."

"काकू, म्हणजे ते सगळं माह्यामुळे..."

"चूप." त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे होते. "तू दाखवलं, म्या पाहिलं. हात माहे होते. माहे हात तू कायले घेतं? तुह्याजवळ तुहे पुरेसे हायत."

त्या उठल्या. बादलीत हात घालून पोतेरा पिळला, आणि बादली उचलून दाराबाहेर गेल्या. मला वाटलं, ओतून देतील.

"ये इकडे," बाहेरून हाक आली. "एवढी माती का वाया घालवाची? ओटा सारवू. अन् अंगण. ओट्यावर काही मच्छर झोपाले येत नाही. पाहुणे बाहेरूनच तं आत येतीन. सिंधू, गेरू आण."

त्यांनी दुसरा पोतेरा माझ्याकडे टाकला. वर्षभर मी तो हातात घेतला नव्हता. ओट्याच्या एका टोकाला काकू आणि एका टोकाला मी, असं आम्ही सारवत मधे आलो. काकूंनी माझा भाग पाहिला आणि म्हणाल्या, "दाब देऊन फिरव. शाळेत खडू धरतं तशी नको धरू."

रस्त्यानं जाणाऱ्या दोघी-तिघी थांबल्या. "आत सारवलं का वो पार्बताबाई?"

"आत औषध हाय," काकू म्हणाल्या. "बाहेर पाह्य, किती पांढरं झालं ते."

संध्याकाळपर्यंत गावातले सगळे ओटे पांढरे झाले होते.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाची आई, मामा आणि मुलगा. मी सुतकाच्या घरची, अशा कार्याला जात नसतात. पण काकूंनी निरोप पाठवला आणि पुन्हा स्वतः आल्या. "ये. मले एकटीले जमणार नाही," एवढंच म्हणाल्या.

मुलाची आई ठेंगणी, चटपटीत बाई होती. ओट्यावरच तिनं पाय जपून टाकला आणि गेरूची किनार पाहून "छान हाय" म्हणाली. मग आत आली. सतरंजी त्याच भिंतीलगत टाकली होती. ती बसली, पण पाठ टेकली नाही. ओघळांकडे वळून पाहिलं आणि मामाकडे पाहिलं.

"हे का जी भिंतीले?"

"औषध हाय मलेरियाचं," काकू म्हणाल्या. आवाज जरा चढाच लागला. "टेकून बसा. वाळलं हाय, अंगाले लागत नाही."

"आमच्याकडे बी मारतात." बाई टेकली नाही. "आमी सारवून टाकतो वरून. सणाच्या दिवशी असं का ठेवाचं घर?"

मामा खोकला. आतल्या दारात पोह्यांचं ताट घेऊन सिंधू थांबली होती. तिला अजून बोलावणं नव्हतं.

"सारवलं तं का होते?" बाईनं विचारलं.

"मी सांगते," मी म्हणाले.

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. डासाचं आयुष्य सांगितलं नाही. आईचं नाव सांगितलं, माझ्या शाळेतल्या दोन बायांचं सांगितलं, मी काय म्हणाले होते ते सांगितलं, आणि काहीच वगळलं नाही. माझ्यानंतर काकूंनी यशोदाचं सांगितलं. ती कुठं निजत होती, ते हातानं दाखवलं. मी एकदाही काकूंकडे पाहिलं नाही, कारण सिंधूचं लग्न आम्ही दोघी मिळून मोडत आहोत, असं मला वाटत होतं.

आम्ही थांबलो. मुलगा जमिनीकडे बघत होता. बाई उठली. मामाही उठायला लागला, पण तिनं हातानं त्याला बसवलं. ती भिंतीजवळ गेली, एका ओघळावरून बोट फिरवलं, ते बोट पाहिलं. मग पदर सावरला, सतरंजीवर मागे सरकली आणि भिंतीला पाठ लावून नीट टेकून बसली.

"पोरीले बोलवा," ती म्हणाली.